ऐनावरचा कोसा

रेशीम म्हटले म्हणजे आपल्यापुढे पैठण आणि येवले ही नावे उभी राहतात. त्यांच्या मागे दूरवर चीन देश दिसतो, आणि शाळेच्या पुस्तकातला, तुतीच्या पानावर पडून राहणारा तो पांढुरका किडाही आठवतो. महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेस, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या रानांत, आणखी एक रेशीम पिढ्यान् पिढ्या निपजत आले आहे, हे मात्र पुण्या-मुंबईकडील वाचकास सहसा ठाऊक नसते. ते तुतीवर होत नाही आणि घरातही होत नाही. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर, उघड्या आभाळाखाली, पावसात भिजत ते तयार होते. त्याचा रंग मधासारखा, क्वचित वाळल्या गवतासारखा असतो. व्यापारी त्याला टसर म्हणतात. झाडीपट्टीत त्याचे नाव कोसा.

या कोशाचा कर्ता फुलपाखरांचा भाऊबंद आहे; पण फुलपाखरू दिवसा उडते, आणि हा रात्री. हा पतंग आहे. मादीने पंख पसरले तर सहा-सात इंचांचा विस्तार होतो. नर तांबूस-विटकरी, मादी पिवळसर किंवा करडी. चारही पंखांवर एकेक डोळा असतो आणि त्या डोळ्याच्या मध्यभागी खवले नसल्यामुळे अभ्रकाच्या तुकड्यासारखी एक पारदर्शक खिडकी असते. नराच्या मिशा नेच्याच्या पानासारख्या पिंजारलेल्या असतात. रात्रीच्या अंधारात मादीचा गंध ओळखून तिच्यापर्यंत पोहोचायचे, एवढ्यासाठी त्या आहेत. या जिवाला खाण्यायोग्य तोंडच नाही. कोशातून बाहेर पडल्यापासून मरेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, तो काहीही खात नाही. जे खायचे ते अळी असताना ऐनाच्या पानांच्या रूपाने खाऊन झालेले असते. मादी दीडशे-दोनशे अंडी घालते आणि संपते.

शास्त्रात त्याची नोंद प्रथम ज्याने केली तो लंडनचा एक चांदीकाम करणारा कारागीर होता. ड्रू ड्रुरी त्याचे नाव. देशोदेशींचे किडे जमविण्याचा त्याला नाद होता. हिंदुस्थानातून गेलेल्या नमुन्यांवरून त्याने या पतंगाचे चित्र आणि वर्णन छापले, आणि १७७३ हे साल या जातीच्या नावापुढे कायमचे लागले. पुढे १८१९ मध्ये ऑग्सबुर्गच्या याकोब ह्यूब्नरने त्याचे कुळ वेगळे काढून त्याला अँथेरिया हे नाव दिले. हे कुळ मोठे नवलाचे आहे. चीनमध्ये ओकच्या पानांवर वाढणारा रेशमाचा पतंग याच कुळातला. जपानचा यामामाई याच कुळातला. आसामचे सोनेरी मुगा रेशीम देणाराही याच कुळातला. अमेरिकेतही यांचे नातलग आहेत. इतक्या देशांत, इतक्या वेगवेगळ्या माणसांना वस्त्र देणारे रानकिड्यांचे दुसरे घराणे शोधूनही सापडणे कठीण.

ड्रुरीच्या आधी कित्येक शतके आपल्याकडे या वस्त्राला नाव होते. कोशापासून झालेले ते कौशेय. हा शब्द कसा सिद्ध होतो हे सांगण्यासाठी पाणिनीने एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातले आहे. ऋग्वेदात तसर हा शब्द येतो, तो विणकराच्या धोट्याचा. कौटिल्य चीनपट्ट वेगळे सांगतो आणि कौशेय वेगळे सांगतो. अर्थात चीनहून आलेले रेशीम आणि येथले रेशीम यांतील भेद त्या काळच्या कोठाराच्या अधिकाऱ्यास ठाऊक असला पाहिजे. मनुस्मृतीत कौशेय वस्त्र खाऱ्या मातीने स्वच्छ करावे असे सांगितले आहे, आणि ते चोरणारा पुढल्या जन्मी तित्तिर होतो, अशी तंबीही दिली आहे. ज्या वस्तूच्या चोरीला धर्मशास्त्रात निराळी शिक्षा आहे, ती वस्तू घरोघरी नसली तरी सर्वांना माहीत होती, एवढे तरी यावरून म्हणता येईल.

ग्रंथांहून जुना पुरावा जमिनीतून निघाला. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने प्रवरेच्या काठी नेवासे येथे उत्खनन केले. तेथे एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या आत धाग्याचा अंश शिल्लक होता. त्याची तपासणी गुलाटी नावाच्या वस्त्रतज्ज्ञांनी केली, आणि त्यात कापसाबरोबर रेशमाचे तंतू आढळल्याचे १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. ते मूल सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी मेले. त्याच्या आईने किंवा आजीने त्याच्या गळ्यात जी माळ घातली, तिच्या दोऱ्यात रेशीम होते. २००९ मध्ये आणखी एक शोध जाहीर झाला. हडप्पा आणि चान्हुदडो येथील दागिन्यांत अडकलेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले असता ते रानरेशमाचे ठरले, आणि त्यांतले काही अँथेरिया कुळातले. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी सिंधूच्या खोऱ्यातील माणसे या पतंगाचे किंवा त्याच्या भावंडांचे कोश ओळखत होती. रेशीम केवळ चीनहूनच जगभर गेले, असे आम्ही मास्तर मंडळी मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो. त्या धड्याला आता ही पुरवणी जोडणे भाग आहे.

आता आपल्या चांद्याकडे येऊ. १९८२ पर्यंत हे दोन्ही जिल्हे मिळून एकच चांदा जिल्हा होता. वैनगंगेच्या एका अंगास ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही. दुसऱ्या अंगास आरमोरी, वडसा, कुरखेडा. हा मुलूख तळ्यांचा आहे. चांद्याच्या गोंड राजांनी अशी चाल पाडली होती की, जो तळे बांधील त्याला त्या तळ्याच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन मिळावी. त्या उत्तेजनाने आणि कोहळी लोकांच्या कसबाने येथे शेकडो तळी झाली. तळे आले की मासा आला, आणि मासा आला की ढिवर आला. तळ्यापलीकडे लगेच रान, आणि त्या रानात ऐन. हे झाड चंद्रपूर-गडचिरोलीकडे सर्वत्र आहे. त्याची साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, त्यामुळे नवख्यालाही ते ओळखू येते. मासे धरणाऱ्या जातीच्या हाती रेशमाचा धंदा कसा गेला, असा प्रश्न पुस्तकावरून विचारणाऱ्यास पडेल. पण नकाशावर तळे, ढिवरांची वस्ती आणि ऐनाचे रान किती जवळजवळ आहेत हे पाहिले की प्रश्नाचे उत्तर निम्मे तरी मिळते.

कोशाचे वर्ष पावसापासून सुरू होते. मागल्या हंगामातले निवडक कोश उकळायचे नाहीत, बियाणे म्हणून राखायचे. ते दोऱ्यात ओवून त्यांच्या माळा घरात टांगून ठेवतात. आतला जीव थंडीभर आणि उन्हाळाभर झोपलेला असतो. मृग सरला, हवेत ओल आली, की संध्याकाळच्या सुमारास माळेतले कोश ओले होऊ लागतात. आतला पतंग तोंडाशी एक पाचक रस सोडून कोशाचे टोक मऊ करतो आणि तंतू बाजूला सारून बाहेर येतो. रात्री जोड्या जमतात. नंतर माद्या अंडी घालतात आणि आठ-दहा दिवसांत अंड्यांतून अळ्या निघतात. त्या ऐनावर सोडायच्या. चार वेळा कात टाकून, महिना-दीड महिन्यात, बोटभर जाडीची हिरवीगार अळी तयार होते. मग ती दोन-तीन पाने जवळ ओढते. पण कोसा विणण्यापूर्वी डहाळीभोवती एक कडे आणि त्याला एक घट्ट देठ विणते. फळ झाडाला लटकावे तसा कोसा त्या देठाला लटकतो. वाऱ्याने पान गळेल, पण कोसा गळत नाही. त्याचे कवच इतके चिवट की, जुन्या काळी कोशाची वादी कापून तिने बंदुकीची नळी दस्त्याशी आवळीत, असे गेल्या शतकांतील लेखकांनी नमूद केले आहे.

हा महिना-दीड महिना राखणदाराची परीक्षा असते. मुंगी, गांधीलमाशी, प्रार्थनाकीटक आणि रस शोषणारा ढेकूण, सगळे अळीवर टपलेले असतात. एक माशी तर अळीच्या अंगावरच अंडी घालते. तिची पिल्ले अळीला आतून खातात, आणि कोसा विणून झाल्यावर कळते की आत काहीच नाही. दिवसा कावळे येतात. म्हणून पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत माणूस झाडाखाली, हातात गोफण किंवा गलोल. एका झाडाची पाने संपली की अळ्यांसह फांद्या कापून दुसऱ्या झाडावर नेऊन ठेवायच्या. पाऊस असो, चिखल असो, रात्री जनावराची भीती असो, रानातील खोपटे सोडता येत नाही. वर्षात अशी दोन पिके, कुठे तीन.

बंगाल-बिहारकडील टसर करणाऱ्या लोकांविषयी जुन्या इंग्रज लेखकांनी एक गोष्ट मुद्दाम लिहिली आहे. अळ्या झाडावर असेपर्यंत हे लोक मांस-मच्छी वर्ज्य करीत, स्त्रीपासून दूर राहत, अंघोळ करून मगच झाडाशी जात. वाचणाऱ्या साहेबांना ही अंधश्रद्धा वाटली. रोगट हातांनी अळ्यांत साथ पसरते हे ध्यानात घेतले तर या व्रतामागे अनुभवही असावा असे वाटते. पण मला त्यातील दुसरी बाजू अधिक विचार करण्याजोगी वाटते. रानात अळी राखणारा माणूस सोवळ्यात. आणि त्या कोशाचे वस्त्र नेसून गावात देवपूजेला बसणारा माणूसही सोवळ्यात. कापसाचे धोतर शिवाशिवीने बाटे, रेशमाचे बाटत नसे, म्हणून मुकटा आणि कद यांचे आपल्याकडे एवढे महत्त्व. एकाच धाग्याच्या दोन्ही टोकांस दोन सोवळी माणसे होती. परंतु दुसऱ्या टोकाच्या माणसाने पहिल्या टोकाच्या माणसाला आपल्या ओसरीवर चढू दिले असते, असे नाही. धागा मात्र एकाच्या हातून दुसऱ्याच्या अंगावर गेला. आणि त्या धाग्यासाठी उकळत्या पाण्यात जीव मेला, हे दोघांपैकी कोणाच्याही सोवळ्यात बसले नाही.

एकोणिसाव्या शतकात या रेशमावर विलायतेची नजर वळली. कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांचा टसर आणि एरंडीच्या रेशमावरील लेख १८०४ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने छापला. पण टसर हट्टी होते. त्याच्या अंगच्या तपकिरी रंगामुळे त्यावर दुसरा रंग नीट चढत नसे. इंग्लंडमधील लीक गावचा रंगारी टॉमस वॉर्डल याने अनेक वर्षे खटपट करून ती विद्या साधली आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात रंगीत टसर मांडले. १८८१ मध्ये त्याने हिंदुस्थानच्या रानरेशमांवर पुस्तक लिहिले. सीलच्या कातड्यासारखे दिसणारे दाट लवेचे कापड टसरापासून निघू लागले आणि विलायती बायकांच्या अंगावर ते चढले. इकडे पुण्याच्या बाजूस मेजर कूसमेकर याने टसर वाढविण्याचे प्रयोग केले. या साऱ्या खटपटीमागे एकच इच्छा होती: तुतीच्या किड्यासारखा हा किडा घरचा व्हावा. तुतीचा पतंग हजारो वर्षे माणसाच्या घरात राहून उडणे विसरला. अळी भूक लागली तरी टोपलीबाहेर जात नाही. कोशाचा पतंग तसा झाला नाही. त्याचा नर संधी मिळताच रानात उडून जातो, आणि अळीला जिवंत झाडावरचे पान लागते. लहानपणीचे काही दिवस तिला आडोशाला ठेवता येते, परंतु शेवटी रानात न्यावेच लागते.

कोशाला आणखी एक मदत आली, ती फ्रान्सहून. १८६५ मध्ये तेथील रेशमाचा धंदा पेब्रिन नावाच्या रोगाने बसला, तेव्हा लुई पाश्चर यांना त्याच्या शोधासाठी पाठविले. रोग आईकडून अंड्यांत उतरतो हे त्यांनी सिद्ध केले आणि साधा उपाय सांगितला: प्रत्येक मादीची अंडी वेगळी ठेवा, मग ती मादी कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, रोगाचे कण दिसले तर तिची अंडी जाळा. हीच रीत आज टसराला लागू आहे. रांची येथे १९६४ पासून टसराची मध्यवर्ती संशोधन संस्था आहे. महाराष्ट्राचे रेशीम संचालनालय १९९७ पासून नागपुरात आहे. आणि आरमोरीकडील शेतकऱ्याच्या हाती पडणारे निरोगी अंडीपुंज म्हणजे पाश्चरच्या त्या युक्तीचेच फळ आहे.

कादंबरी लिहिणाऱ्यास अशा ठिकाणी एखादा नायक घालण्याचा मोह होतो. परंतु या इतिहासात नावे उरली ती चित्र छापणाऱ्याची, रंग चढविणाऱ्याची, प्रयोग करणाऱ्याची. ज्यांनी झाडाखाली रात्री काढल्या त्यांतील एकाचेही नाव कागदावर आले नाही. त्यांचा उल्लेख कागदांत येतो तो जातीच्या रूपाने, आणि कायद्यात तर तेवढाही येत नाही. तेथे फक्त कोसा येतो.

ही कायद्याची गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण कोशाचे सारे भवितव्य तीत अडकले आहे. हा किडा घरात येत नाही. तेव्हा त्याला पाळणाऱ्याकडे घर असून भागत नाही, झाड असावे लागते. आणि झाड कोणाचे? १८६५ चा, १८७८ चा आणि अखेर १९२७ चा वनकायदा यांनी त्याचे उत्तर देऊन टाकले. १९२७ च्या कायद्यात वनोपज म्हणजे काय याची यादी आहे. कातडी, हस्तिदंत, शिंगे, हाडे यांच्या जोडीला तीत रेशीम, कोश, मध आणि मेण ही नावे स्पष्ट लिहिलेली आहेत. रानात सापडलेला किंवा रानातून आणलेला कोसा वनोपज ठरला. जो कोसा आपोआप झाडावर झाला आणि जो कोसा माणसाने घरची बियाण्याची माळ रिकामी करून, दीड महिना जागून वाढविला, त्या दोहोंत या यादीने फरक केला नाही. वनखात्याच्या दृष्टीने ऐन म्हणजे इमारती लाकूड. ढिवराच्या दृष्टीने ऐन म्हणजे पाला. लाकडासाठी झाड उंच, सरळ वाढावे लागते. पाल्यासाठी ते छाटून, बुटके आणि झुबकेदार ठेवावे लागते. एकाच झाडाकडे पाहणाऱ्या या दोन दृष्टी होत्या, आणि कुऱ्हाड कोणी चालवायची हे ठरविण्याचा अधिकार एकाच पक्षाकडे होता.

२००६ मध्ये वनहक्कांचा कायदा झाला. त्यातही गौण वनोपजाची यादी आहे. बांबू, वेत, मध, मेण, लाख, तेंदूपाने यांबरोबर तीत टसर आणि कोश ही नावे पुन्हा आली आहेत. मात्र या वेळी ती गावाच्या बाजूने आली. ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क रानात राहणाऱ्यांचा, असे हा कायदा म्हणतो. एका कायद्यात ज्या शब्दाने वस्तू सरकारच्या ताब्यात गेली, तोच शब्द एकोणऐंशी वर्षांनी दुसऱ्या कायद्यात ती परत देऊ लागला. याच गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर रानावरचा सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क प्रथम मिळविणाऱ्या गावांत त्याचे नाव आहे.

परंतु कोसा पाळणारे बहुतेक ढिवर आहेत, आणि ढिवरांची गणना अनुसूचित जमातींत होत नाही; भोई समाजाबरोबर ते भटक्या जमातींच्या यादीत आहेत. अशा इतर वननिवासींनी आपण तीन पिढ्या, म्हणजे पंच्याहत्तर वर्षे, रानाच्या आधाराने राहत असल्याचे सिद्ध करावे, अशी त्या कायद्याची अट आहे. पाणिनीचे सूत्र किंवा नेवाशाच्या मण्यांतील तंतू तेथे पुरावा म्हणून चालणार नाही. चालेल तो पंच्याहत्तर वर्षांचा कागद, किंवा गावातल्या वडीलधाऱ्यांची साक्ष. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी कागदाला कधी हात लावला नाही, त्यांच्याकडे हा कागद मागितला जातो. साक्ष देणारे म्हातारे दरवर्षी एकेक करून कमी होतात.

रान आणि बाजार यांच्यामधले शेवटचे काम बायकांचे. कोसा क्षाराच्या पाण्यात शिजवायचा, मऊ झाला की त्याचे टोक शोधायचे, आणि चार-पाच कोशांचे तंतू एकत्र ओढून धागा करायचा. एका कोशातून अर्ध्या मैलाच्या आसपास तंतू निघतो. टसराच्या मुलखात हा धागा बायका उघड्या मांडीवर वळीत आल्या. मांडीची कातडी सोलून निघे. आता लहान यंत्रे आली आहेत, आणि ती जिथे पोहोचली तिथे हा त्रास संपला. नागभीड आणि भंडाऱ्याकडील आंधळगाव येथील मागांवर या धाग्याचे कापड होते. काठावर करवतीच्या दात्यांची नक्षी असलेली करवतकाठी साडी ही या बाजूची खूण आहे, आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मागावरच्या कोष्ट्याचे जातिनाम सुद्धा या कोशावरूनच आले असावे, असे रसेलने मध्यप्रांतातील जातींवरील १९१६ च्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे.

मोठ्या शहरातल्या दुकानात कोशाची साडी उलगडून दाखवितात, तेव्हा तिच्या खडबडीत पोताची तारीफ होते. तो पोत सगळा विणकराचा नाही. पाऊस, उन्हाची तिरीप, ऐनाच्या पानाचा तुरटपणा, असे जे जे अळीने झाडावर सोसले आणि खाल्ले, त्याचा तो रंग आणि तो खडबडीतपणा आहे. हा पतंग गेली चार हजार वर्षे माणसाच्या उपयोगी पडत आला, पण माणसाच्या घरी राहायला आला नाही. त्याचे वस्त्र हवे असेल तर कोणाला तरी पावसाळ्यात रानात राहावे लागते. आणि त्याने तिथे राहावे असे वाटत असेल, तर ज्या ऐनाखाली तो रात्र काढतो, त्या ऐनाची फांदी छाटण्यासाठी त्याला कोणाची परवानगी मागावी लागू नये. कोसा टिकणे न टिकणे आता या एका गोष्टीवर अवलंबून आहे.